अभिवाचनाच्या तालमीसाठी लिनक्सवर स्वतःचा मम्बल सर्व्हर: मदत हवी आहे

नौपाडाकर (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्यात आमचा अभिवाचनाचा एक लहान गट आहे. आम्ही १८ जण आहोत. काही नौपाड्यात आणि घंटाळीच्या आसपास राहतात, काही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीपर्यंत पसरलेले आहेत आणि पाच जण ऐरोली व नेरूळ येथे असतात. कामावरून परतून रात्री ९ वाजता सर्वांनी एका खोलीत जमणे आता शक्य होत नाही, म्हणून आठवड्यातील एक तालीम आम्ही इंटरनेटवरून घेतो.

आतापर्यंत त्यासाठी व्हिडिओ सभेचे एक प्रचलित ॲप वापरले. व्याख्यानासाठी ते उत्तम असेल, परंतु नाटकाच्या वाचनात त्याचा उपयोग होईना. एका पात्राचे वाक्य पूर्ण होण्याआधी दुसऱ्याने ते तोडायचे असते, तिसऱ्याने मध्येच हुंकार द्यायचा असतो, आणि दोघे एकदम बोलू लागले की ते ॲप एकाचा आवाज दाबून टाकते. शिवाय उत्तर येण्यास इतका विलंब लागतो की लेखकाने लिहिलेला विराम कोणता आणि यंत्रणेमुळे पडलेला कोणता, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. विराम हाच ज्या संहितेचा प्राण आहे, तिची तालीम अशी घेता येत नाही.

म्हणून स्वतःचा आवाजी सर्व्हर उभारण्याचे ठरवले आणि शोधाअंती मम्बल निवडले. ही मुक्तस्रोत प्रणाली २००५ पासून विकसित होत आली असून कमीत कमी विलंब हेच तिचे मुख्य उद्दिष्ट आहे. घरातील जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती आहे. ॲप्ट या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाने मम्बल-सर्व्हर हे पॅकेज बसवले, डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा चालवून सुपरयूझरचा, म्हणजे सर्व्हरच्या व्यवस्थापक खात्याचा, पासवर्ड ठरवला, ईटीसी डिरेक्टरीतील मम्बल-सर्व्हर डॉट आयएनआय या फाइलमध्ये सर्व्हरचा पासवर्ड आणि स्वागताचा मजकूर लिहिला आणि सेवा पुन्हा सुरू केली. घरातील वायफायवरून दोन लॅपटॉप आणि एक फोन निर्दोष जोडले गेले.

अडचण बाहेरून येते. राउटरमध्ये मम्बलचा ६४७३८ हा पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दार, टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी डेस्कटॉपकडे वळवला आहे, तरीही ऐरोलीतील सभासदाला जोडणी मिळत नाही. काय तपासावे?

खाडीपलीकडे

आपण दोन्ही प्रकारचे पोर्ट उघडले, हे योग्यच केले. आता एक गोष्ट पाहावी. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा जो आयपी पत्ता दिसतो, तो आणि बाहेरचे एखादे संकेतस्थळ आपला म्हणून जो पत्ता दाखवते तो, हे दोन्ही एकच आहेत का? वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपली जोडणी सीजीनॅटच्या आड आहे असे समजावे.

सीजीनॅट म्हणजे काय ते सांगतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्यामुळे सेवा पुरवणारी कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, आणि १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. सोसायटीच्या नावाने पत्र यावे, पण त्यावर खोली क्रमांक नसावा, तसे हे आहे. आपण आपल्या दारावर नावाची पाटी लावली, म्हणजे राउटरमध्ये पोर्ट वळवला, तरी पत्र फाटकावरच अडकते, कारण फाटकावरची वही आपल्या ताब्यात नाही. घरातून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना याचा त्रास होत नाही. त्यामुळे आपल्यामागे सीजीनॅट आहे हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते, आणि सर्व्हर उभारू लागल्यावरच ते उघड होते.

नौपाडाकर

पाहिले. वॅनचा पत्ता १००.७८ ने सुरू होतो. दोन रविवार मी राउटरच्या सेटिंगमध्ये घालवले होते, त्यामुळे निदान कारण कळल्याचे समाधान आहे. यातून मार्ग कोणता?

खाडीपलीकडे

मार्ग तीन आहेत. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा, त्याला सहसा वेगळे शुल्क पडते. किंवा मुबलक पत्ते असलेले नवे आयपीव्ही६ वापरावे. मम्बलला ते चालते आणि तेथे सीजीनॅटचा प्रश्नच नसतो, मात्र आपल्या अठराही सभासदांच्या जोडणीत आयपीव्ही६ असले पाहिजे आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल वेगळी उघडावी लागते. किंवा एखाद्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील भाड्याचा लहान आभासी सर्व्हर घ्यावा.

मी तिसरा मार्ग सुचवेन. मम्बलचा सर्व्हर आवाज मिसळत नाही आणि उलगडतही नाही. आलेले पाकीट, म्हणजे आवाजाचा लहान तुकडा, ज्याला त्याला पोहोचवणे एवढेच तो करतो, त्यामुळे प्रोसेसरवर भार जवळजवळ पडतच नाही आणि १ जीबी मेमरीचे सर्वांत स्वस्त यंत्रही पुरते. मुंबई विभागातील यंत्र निवडावे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटरे आहेत. ठाण्यातील माणसाचा आवाज सिंगापूरला जाऊन नेरूळला यावा, याला काही कारण नाही. घरातील डेस्कटॉपला आणखी एक मर्यादा आहे: वीज गेली की तालीम थांबते. डेस्कटॉप, राउटर आणि फायबरची पेटी असे तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले तरच तो उपयोगाचा.

घोडबंदर_वाचक

मी याच गटातील सभासद आहे. आमच्यापैकी काही जण प्रवासात फोनवरून ऐकतात. डेटा किती खर्च होईल, आणि भाड्याच्या सर्व्हरला महिन्याची मर्यादा असते ती पुरेल का, याचा अंदाज कोणी देऊ शकेल का?

खाडीपलीकडे

हिशेब मांडून दाखवतो, कारण त्यातूनच पुढील काही निर्णय सोपे होतील.

मम्बल आवाजासाठी ओपस हे कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत, वापरते. गुणवत्ता सेकंदाला ४० किलोबिट ठेवली आणि एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज भरला, तर सेकंदाला ५० पाकिटे निघतात. प्रत्येक पाकिटावर आयपी आणि यूडीपी यांची मिळून २८ बाइटची वेष्टने चढतात, म्हणजे केवळ वेष्टनांचेच सेकंदाला ११.२ किलोबिट होतात. मम्बलची स्वतःची थोडी माहिती धरून बोलणाऱ्या एका व्यक्तीचा प्रवाह सुमारे ५३ किलोबिट समजू. पाकीट १० मिलिसेकंदांचे केले तर विलंब घटतो, पण वेष्टनांचा खर्च दुप्पट होऊन २२.४ वर जातो. ६० मिलिसेकंदांचे केले तर तो ४ च्या आत येतो, पण संवादाची लय बिघडते. आपल्या कामासाठी २० योग्य वाटते.

एका वेळी एकच जण बोलत असेल, तर फोनवरून ऐकणाऱ्याला २ तासांत सुमारे ४८ एमबी लागतील. सर्व्हरला तोच आवाज १७ जणांना पाठवायचा असल्याने सेकंदाला साधारण ०.९ मेगाबिट, म्हणजे २ तासांच्या तालमीत सुमारे ८१० एमबी. महिन्याच्या चार तालमींचे साडेतीन जीबीही होत नाहीत.

परंतु हा हिशेब एकच जण बोलत असतानाचा आहे. मम्बलमध्ये आवाज पाठवण्याचे तीन प्रकार आहेत: अखंड, बोलल्यावर आपोआप, आणि कळ दाबून. अठराही जणांनी अखंड प्रकार निवडला आणि सर्वांचे माइक उघडे राहिले, तर शांततेचीही पाकिटे धावू लागतात. १८ जणांचा आवाज प्रत्येकी १७ जणांना, म्हणजे ३०६ प्रवाह आणि सेकंदाला १६ मेगाबिटांहून अधिक. फोनवरील श्रोत्यालाही मग ०.९ मेगाबिट सतत उतरवून घ्यावे लागेल. म्हणून त्या दिवशी जे वाचणार नाहीत, त्यांनी स्वतःला म्यूट करून ठेवण्याची शिस्त प्रथमपासून लावावी.

नौपाडाकर

मुंबईतील एक लहान यंत्र घेतले, त्यावरही डेबियन १२ च बसवले आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ६४७३८ उघडला. काल रात्री १४ जण एकत्र आले. सर्वांची जोडणी झाली, पहिली दहा मिनिटे आवाज इतका स्वच्छ होता की एका ज्येष्ठ सभासदांनी समोर बसून बोलल्यासारखे वाटते असे सांगितले, आणि नंतर मात्र विचित्र प्रकार सुरू झाला. एखाद्याचा आवाज दोन सेकंद पूर्ण थांबे, आणि मग अडलेली वाक्ये एकामागून एक घाईने येत. थोड्या वेळाने पुन्हा ठीक, पुन्हा तसेच. नेरूळच्या सभासदाकडे हे सर्वाधिक होते. तो मोबाइलच्या इंटरनेटवर होता.

पारसिक_बोगदा

आवाज थांबून नंतर एकदम येणे, हे लक्षण महत्त्वाचे आहे. यूडीपीवर पाकीट हरवले तर ते हरवते. तेवढा क्षण आवाज किंचित खरखरतो आणि संभाषण पुढे जाते. टीसीपी मात्र हरवलेले पाकीट पुन्हा मागवते आणि ते मिळेपर्यंत मागची सर्व पाकिटे अडवून धरते, कारण क्रम मोडायचा नाही हा तिचा नियम आहे. फाइल उतरवताना हा गुण आहे, बोलताना तोच दोष ठरतो. मम्बलला यूडीपीची वाट मिळाली नाही तर ते कोणतीही तक्रार न करता आवाज टीसीपीच्या जोडणीतून पाठवू लागते, आणि त्यामुळेच सर्व जोडले गेले म्हणजे सर्व ठीक आहे असा समज होतो.

क्लायंटमध्ये, म्हणजे सभासदाच्या संगणकावरील मम्बल प्रोग्राममध्ये, सर्व्हरच्या मेन्यूखाली माहितीची खिडकी आहे. तेथे आवाज कोणत्या वाटेने जात आहे हे लिहिलेले असते. ते पाहून कृपया कळवावे. त्याचबरोबर, फायरवॉल उघडताना टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडले का, आणि भाड्याच्या यंत्राच्या नियंत्रण पानावर कंपनीची स्वतःची वेगळी फायरवॉल आहे का, हेही पाहावे. बऱ्याच ठिकाणी ती असते, आणि यंत्राच्या आतून तिचा काहीच सुगावा लागत नाही.

नौपाडाकर

आपले निदान अचूक ठरले. यूएफडब्ल्यूमध्ये दोन्ही उघडे होते, परंतु कंपनीच्या पानावरील फायरवॉलमध्ये मी केवळ टीसीपीचा नियम घातला होता. यूडीपीचा नियम घातल्याबरोबर माहितीच्या खिडकीत यूडीपी दिसू लागले. नेरूळच्या सभासदाकडे तरीही टीसीपीच दिसत होते. त्याच्या क्लायंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये टीसीपीची सक्ती करणारा पर्याय कधीतरी निवडला गेला होता, तो काढल्यावर तेही सुटले. नौपाड्यातून आता पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, ६ ते ८ मिलिसेकंद आहे.

स्वरपेटी

धागा आवडीने वाचत आहे. मी वाशीला राहते आणि पेटी वाजवते. माझे तबल्याचे साथीदार कळव्याला असतात. याच सर्व्हरवर आम्हाला एकत्र रियाज करता येईल का?

पारसिक_बोगदा

ताई, बोलण्यासाठी जे पुरते ते तालासाठी पुरत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साथीदार साडेतीन मीटर दूर बसल्यासारखा आहे, आणि तेवढे आपण बैठकीत सहज सांभाळून घेतो. मम्बलमध्ये पाकीट भरण्याचा वेळ, पाकिटे नीट क्रमाने लावण्याची राखीव जागा आणि दोन्हीकडील साउंड कार्ड धरून विलंब सहज ६० मिलिसेकंदांच्या घरात जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे समेवर जवळजवळ पाव मात्रेचा फरक पडेल. आपण त्यांच्यासाठी थांबाल, ते आपल्यासाठी थांबतील, आणि लय उतरत जाईल.

जॅमुलस ही याच कामासाठी केलेली मुक्तस्रोत प्रणाली आहे आणि तिचा सर्व्हरही लिनक्सवर चालतो. तिच्यासाठी दोन्ही बाजूंना वायफायऐवजी तारेची जोडणी, तारेचेच हेडफोन आणि शक्य असल्यास चांगले ऑडिओ इंटरफेस आवश्यक आहे. ब्लूटूथचा विलंब एकटाच सारे कष्ट व्यर्थ करतो. यावर स्वतंत्र धागा काढल्यास मी तेथे सविस्तर लिहीन.

घोडबंदर_वाचक

मूळ विषयाकडे येतो. आमच्या तालमीत आता दोन तक्रारी उरल्या आहेत. एक, काही वाचकांच्या वाक्यातील पहिले अक्षर तुटते. "हो" म्हटले तर केवळ "ओ" ऐकू येते. दोन, आमच्या एका सभासद बाई एका प्रवेशात कुजबुजीच्या स्वरात वाचतात, तो सारा भाग कोणालाच ऐकू येत नाही.

खाडीपलीकडे

दोन्हींचे मूळ एकच आहे. बोलल्यावर आपोआप पाठवण्याच्या प्रकारात क्लायंटला आवाज कोठे सुरू झाला हे ठरवावे लागते. त्यासाठी दोन पातळ्या असतात: खालच्या पातळीखाली शांतता, वरच्या पातळीवर बोलणे. "ह" हा मुळात श्वासच असल्यामुळे तो वरची पातळी गाठत नाही आणि क्लायंट जागा होईपर्यंत स्वर सुरू झालेला असतो. कुजबुज तर सर्वच श्वासाची. ही पातळी ठरवणारा मम्बलचा ऑडिओ विझार्ड चालवताना बहुतेक जण साध्या, मोकळ्या आवाजात बोलतात आणि पातळी त्यानुसार ठरते. त्या बाईंनी विझार्ड चालवताना तोच कुजबुजीचा उतारा वाचावा.

गोंगाट कमी करणाऱ्या पर्यायाबद्दलही सांगतो. मम्बलच्या १.३ या आवृत्तीपासून त्यात आरएननॉइज आहे. पंख्याची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊस ते चांगले काढून टाकते, परंतु अगदी हळू आवाजातील वाचनाला ते कधी कधी गोंगाटच समजते. पावसाळ्यात ज्यांच्या खिडकीवर पत्रा आहे त्यांनी ते ठेवावे, इतरांनी बंद करून पाहावे.

माझे मत असे आहे की त्या दिवशी प्रत्यक्ष वाचणाऱ्या चार-पाच जणांनी अखंड प्रकारच वापरावा आणि तारेचे हेडफोन लावावेत. वर मांडलेल्या हिशेबानुसार पाच प्रवाह सर्व्हरला मुळीच जड नाहीत, आणि मग श्वास, हुंकार, पान उलटल्याचा आवाज, सारे पोहोचते. अभिवाचनाला ते हवेच असते. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र हे करू नये, प्रतिध्वनी सर्वांना छळेल.

नौपाडाकर

याप्रमाणे केले. त्यासोबत "तालीम" आणि "श्रोते" अशा दोन चॅनेल, म्हणजे सर्व्हरवरील आवाजी खोल्या, केल्या आणि त्या एकमेकींना जोडल्या, म्हणजे श्रोत्यांना तालमीचा आवाज येतो. श्रोत्यांना बोलण्याची अनुमती नाकारायची आहे. परंतु सुपरयूझर म्हणून आत आल्यावर मला स्वतःलाच बोलता येत नाही, हा दोष आहे का?

पारसिक_बोगदा

दोष नाही, तशीच रचना आहे. सुपरयूझरला बोलणे आणि कानात सांगणे या दोन गोष्टी सोडून सर्व अधिकार असतात. ते खाते केवळ व्यवस्थेसाठी आहे. आपण नेहमीच्या नावाने आत यावे, स्वतःची नोंदणी करावी, आणि नंतर सुपरयूझरने मूळ चॅनेलच्या ॲडमिन गटात आपले नाव घालावे. त्यानंतर सुपरयूझरची गरज क्वचितच पडेल.

अनुमतीचे नियम वरून खाली वाचले जातात आणि नंतरचा नियम आधीच्याला बाजूला सारतो. म्हणून "श्रोते" या चॅनेलमध्ये प्रथम "इन" या गटाला, म्हणजे त्या चॅनेलमध्ये बसलेल्यांना, बोलणे नाकारावे आणि त्याखाली ॲडमिन गटाला ते द्यावे. सर्वांनाच नाकारले तर "तालीम" मधील वाचकांचा आवाजही श्रोत्यांपर्यंत पोहोचणार नाही. क्रम उलटा झाला तर आपलाही आवाज बंद होईल.

नोंदणी पासवर्डाने होत नाही, प्रमाणपत्राने होते. प्रत्येक सभासदाच्या संगणकावर पहिल्या वेळी एक प्रमाणपत्र तयार होते आणि सर्व्हर त्यावरून माणूस ओळखतो. लॅपटॉप फॉरमॅट केला की ते जाते, आणि मग तेच नाव लिहूनही सर्व्हर आत घेत नाही. ज्येष्ठ सभासदांना हे फार गोंधळात टाकते. प्रमाणपत्राच्या विझार्डमधून त्याची पी१२ फाइल प्रत्येकाने आताच पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. कोणाचे हरवलेच, तर नोंदलेल्या सदस्यांच्या यादीतून त्यांचे जुने नाव काढून नव्याने नोंदणी करावी लागेल.

घोडबंदर_वाचक

आमच्या गटात काही अप्रकाशित संहिता वाचल्या जातात. लेखकांचा प्रश्न असा आहे की हे संभाषण कोणी मध्येच ऐकू शकते का?

खाडीपलीकडे

वाटेत कोणी ऐकू शकत नाही. नियंत्रणाची जोडणी टीएलएसने आणि आवाजाची पाकिटे एईएसने कूटबद्ध असतात. परंतु हे कूट प्रत्येक सभासद आणि सर्व्हर यांच्या दरम्यान आहे, एका सभासदापासून दुसऱ्यापर्यंत अखंड नाही. ज्याच्या हाती सर्व्हर आहे त्याला तंत्रदृष्ट्या ऐकता येईल, ही गोष्ट लेखकांना स्पष्ट सांगावी आणि यंत्राच्या किल्ल्या दोनच विश्वासू माणसांकडे ठेवाव्यात. कोणी क्लायंटमधील ध्वनिमुद्रण सुरू केले तर इतरांना त्याची सूचना दिसते, मात्र संगणकावरील अन्य साधनाने मुद्रण केल्यास ती दिसणार नाही.

पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या प्रमाणपत्राबद्दल जो इशारा येतो, तो सभासदांना डोळे मिटून स्वीकारायला लावू नये. स्वतःचे डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन आयएनआय फाइलमध्ये त्याचा आणि किल्लीचा मार्ग द्यावा. ते ९० दिवसांचे असते. नूतनीकरण झाल्यावर सर्व्हरला एसआयजी-यूएसआर१ हा संकेत पाठवला की तो नवे प्रमाणपत्र उचलतो, चालू तालीम तोडावी लागत नाही. हा संकेत सर्टबॉट या नूतनीकरण करणाऱ्या प्रोग्रामच्या हुकमध्येच, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत, लिहून ठेवावा.

नौपाडाकर

कालची तालीम झाली. १६ जण होते, पाच वाचक. दुसऱ्या प्रवेशात बहीण-भावाचे भांडण आहे, त्यात दोघांची वाक्ये जवळजवळ पूर्ण एकमेकांवर चढतात. ऐरोलीच्या बाई आणि कासारवडवलीचे सभासद यांनी तो सलग वाचला, दोन्ही आवाज वेगवेगळे, स्पष्ट ऐकू आले, आणि भांडणानंतर जो मोठा विराम लिहिला आहे तो प्रथमच विराम म्हणून ऐकू आला. त्यात बाईंचा श्वासही होता.

फोनवर मम्ला हे मम्बलला जोडणारे अँड्रॉइड ॲप वापरणाऱ्या दोघांची जोडणी पडदा बंद झाल्यावर तुटत होती. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप वगळल्यावर ती टिकली. चॅनेल, नोंदणी आणि अनुमती ज्या डेटाबेसमध्ये साठतात, ती एसक्यूलाइटची फाइल व्हीएआर-लिब खालील मम्बल-सर्व्हर डिरेक्टरीत आहे. दर बुधवारी पहाटे सेवा क्षणभर थांबवून तिची प्रत घरच्या डेस्कटॉपवर आणण्याची व्यवस्था क्रॉन या ठरल्या वेळी कामे करणाऱ्या साधनात केली आहे. ज्या डेस्कटॉपवर आरंभ केला होता, त्याला हे काम मिळाले. लेट्स एन्क्रिप्टचा भाग या रविवारी करणार आहे, अडल्यास येथेच विचारीन.